विश्लेषण: कढत आम्लात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचं ‘आडनाव’ का बदललं?

इटलीत नेपल्सजवळ सोल्फातारा हा ज्वालामुखीचा परिसर आहे. तिथल्या गरम, गंधकयुक्त झऱ्यांतून मिळालेला ‘सल्फोलोबस सोल्फाटॅरिकस’ हा सूक्ष्मजीव जगभरातल्या प्रयोगशाळांत अभ्यासला जातो. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. २०१८ मध्ये मात्र त्याला नवं नाव मिळालं, ‘सॅकॅरोलोबस सोल्फाटॅरिकस’. जीव तोच, मग नाव का बदललं?

हे जीव जगतात कसे?

या जीवांना साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमान आणि २ ते ३ पीएच मानवतो. म्हणजे चहाइतकं गरम आणि जवळपास लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी. पेशीच्या आत मात्र आम्लता फारच कमी असते. बाहेरचं आम्ल आत शिरू नये, ही जबाबदारी पेशीच्या पटलाची. आपल्या पेशींचं पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं. यांच्याकडे बहुतांश रेणू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असतात. त्यामुळे उष्णतेत थर सुटे होत नाहीत.

आधी ‘जीवाणू’, मग तिसरी शाखा

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या झऱ्यांचा अभ्यास करणारे थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘सल्फोलोबस’ या प्रजातीचं वर्णन केलं. तेव्हा तिची नोंद गंधकावर जगणारे जीवाणू अशी झाली. सूक्ष्मजीवांची वर्गवारी त्या काळी मुख्यतः आकार, अन्न आणि राहण्याची जागा यांवरून होत असे.

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी वेगळी फूटपट्टी लावली. प्रत्येक सजीवात प्रथिनं तयार करणारे रायबोसोम असतात. त्यांतल्या आरएनएची तुलना केल्यावर काही ‘जीवाणू’ इतर जीवाणूंपासून फार दूरचे निघाले. सल्फोलोबसही याच वेगळ्या गटातला ठरला. आज या गटाला ‘आर्किया’ म्हणतात. जीवाणू आणि केंद्रक असलेले सजीव यांच्या जोडीनं ही जीवसृष्टीची तिसरी शाखा मानली जाते.

सवयी सारख्या, नातं दूरचं

‘थर्मोप्लाझ्मा’ हाही उष्णता आणि आम्ल आवडणारा जीव. १९७० मध्ये त्याचं वर्णन झालं, तेव्हा तो कोळशाच्या टाकाऊ ढिगाऱ्यात सापडला होता. त्याला पेशीभित्तिका नाही, म्हणून त्याची गणना मायकोप्लाझ्मा या जीवाणूंमध्ये झाली. तोही आर्कियाच निघाला, पण सल्फोलोबसपासून बऱ्याच लांबच्या फांदीवरचा.

एकाच चाळीत राहतात म्हणून दोन बिऱ्हाडं भाऊबंद ठरत नाहीत, तसंच हे आहे. ‘उष्णता आणि आम्ल आवडणारे’ हे राहणीचं वर्णन झालं, ते कुळाचं नाव नव्हे.

मग २०१८ मध्ये काय झालं?

शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा असतो, आडनावासारखा. दुसरा शब्द जातीचा. कढत आम्लात सापडलेल्या बऱ्याच गोलसर पेशींना पूर्वी ‘सल्फोलोबस’ हेच आडनाव मिळालं होतं. जनुकीय तुलना बारकाईनं होऊ लागली तशी त्यांच्यातली अंतरं दिसू लागली.

जपानमधल्या शास्त्रज्ञांना तिथल्या आम्लधर्मी गरम झऱ्यात एक नवी जाती मिळाली. ती आणि सोल्फाटॅरिकस एकमेकींच्या जवळच्या होत्या, पण मूळ सल्फोलोबसपासून दोघी दूर होत्या. त्यामुळे त्यांच्यासाठी साखरेवरून ‘सॅकॅरोलोबस’ ही नवी प्रजाती आली. जपानमध्येच सापडलेली ‘टोकोडाई’ ही जाती ‘सल्फ्युरिस्फेरा’त गेली, तर खनिजांतून धातू सोडवणारी ‘मेटॅलिकस’ ‘सल्फ्युरॅसिडिफेक्स’मध्ये. यलोस्टोनमधली ‘ॲसिडोकॅल्डेरियस’ मात्र ‘सल्फोलोबस’च राहिली. प्रजातीची व्याख्या तिच्यावरच बेतलेली असल्यानं हे नाव तिच्यापासून वेगळं करता येत नाही.

नाव बदलल्यानं फरक काय पडतो?

पहिला फरक शोधताना पडतो. खराब झालेल्या डीएनएची नक्कल कशी होते, हे समजून घेण्यासाठी सोल्फाटॅरिकसचं ‘डीपीओ४’ हे विकर खूप वापरलं गेलं. ते संशोधन मुख्यतः जुन्या नावाखाली आहे. फक्त नवं नाव टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून कित्येक वर्षांचं काम निसटू शकतं. नियमांनुसार जुनं नाव रद्द होत नाही, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधणं शहाणपणाचं.

दुसरा फरक अंदाजाचा. एका जातीत दिसलेला गुण दुसरीतही असेल, असं आपण नात्यावरून धरून चालतो. धातू सोडवण्यासाठी किंवा उष्णता सोसणाऱ्या विकरासाठी जीव निवडताना हे नातंच चुकीचं असेल, तर अंदाजही चुकतो आणि प्रयोग वाया जातो.