स्की घसरते कशावर?

लेस्टरहून मोटारीने तासाच्या आत टॅमवर्थचा स्नोडोम लागतो; १९९४पासून तिथे छताखाली बर्फ आहे. अशा दाबलेल्या बर्फावर मधोमध ७० ते ८० मिलिमीटर रुंदीची स्की चटकन वळते. शंभरीपुढची रुंद जोडी आल्प्सच्या भुसभुशीत हिमासाठी राखावी. माझ्या मते संग्रहाला या दोन जोड्या पुरेत.

खरी गंमत तळाशी आहे. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ किंचित वितळतो आणि त्या पाण्याच्या पातळ थरावर स्की घसरते, असं बोडन आणि ह्यूज यांनी १९३९मध्ये मांडलं. तळाच्या पॉलिथिलीनमध्ये गरम इस्त्रीने मेण जिरवलं की पाणी चिकटत नाही. थंडी कडक, तर मेणही कडक हवं. पोलादी कडा ८८ अंशांवर घासल्या, तर गोठलेल्या उतारावरही पकड सुटत नाही. प्लास्टिकच्या कोरड्या उतारावर मात्र त्या लवकर बोथटतात. तिथे जुनीच जोडी न्यावी.