शेजारघर

घरातील साखर अचानक संपली, तर तुम्ही कोठे जाता? शेजारी जाता. रात्री घरात कोणी आजारी पडले, तर पहिली हाक कोणाला मारता? शेजाऱ्यालाच. नातेवाईक दूर असतात. शेजारी भिंतीपलीकडे असतो. उर्दूत तुम्ही त्याला 'हमसाया' म्हणता. हम म्हणजे एकच आणि साया म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. किती सुंदर शब्द आहे हा!

पण काही अडचणी एका शेजाऱ्याकडून सुटत नाहीत. गल्लीत कचरा साचतो. मुलांना खेळायला जागा नसते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकायचे असते. पण रात्री शाळा बंद असते. अशा वेळी साऱ्या मोहल्ल्याचा मिळून एक शेजारी असावा, असे काही लोकांना वाटले. त्यातून 'शेजारघर' ही कल्पना निघाली. इंग्रजीत त्याला 'नेबरहूड हाउस' म्हणतात. मुंबईच्या नागपाड्यात असे एक घर १९२७ साली सुरू झाले. त्याची हकिकत समजून घेण्यासाठी आधी लंडन आणि शिकागो या शहरांत जाऊन येऊ.

लंडनच्या पूर्व भागात एकोणिसाव्या शतकात फार गरिबी होती. श्रीमंत लोक तेथे दानधर्म करत. पण तो दुरून. पैसे द्यायचे आणि आपल्या बंगल्यात परत जायचे. सॅम्युअल बार्नेट हे धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांना हे पुरेसे वाटले नाही. ज्यांना मदत करायची, त्यांच्यात राहायला हवे, असे त्यांचे मत होते. त्यांनी १८८४ साली 'टॉयन्बी हॉल' ही संस्था काढली. विद्यापीठात शिकलेले तरुण तेथे राहायला येऊ लागले. ते वस्तीतील लोकांना शिकवत आणि त्यांच्याकडून स्वतःही पुष्कळ शिकत.

जेन ॲडम्स या अमेरिकन तरुणीने हे काम पाहिले. मायदेशी परतल्यावर तिने १८८९ साली एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागो शहरात 'हल हाउस' सुरू केले. आजूबाजूला इटली, जर्मनी, आयर्लंड, रशिया अशा अनेक देशांतून पोटासाठी आलेले लोक राहत. त्यांच्या भाषा वेगळ्या, खाणेपिणे वेगळे, सणवार वेगळे. आया कारखान्यात जात आणि कित्येक लहान मुले दिवसभर घरात कोंडलेली असत. म्हणून हल हाउसने बालवाडी आणि पाळणाघर काढले.

सगळेच बेत मात्र यशस्वी झाले नाहीत. लोकांना पौष्टिक अन्न स्वस्तात मिळावे, म्हणून तेथे मोठे स्वयंपाकघर उघडले. पदार्थ शास्त्रशुद्ध रीतीने शिजवले जात. तरी शेजाऱ्यांपैकी फारच थोडे लोक ते नेत. एका बाईने खरे कारण सांगून टाकले. अन्न पौष्टिक असेल. पण तिला आपल्या आवडीचेच खायचे होते! ॲडम्सबाईंनी ही फजिती लपवली नाही. पुढे आपल्या पुस्तकात ती त्यांनी मोकळेपणाने लिहिली. लोकांच्या भल्याचे काय, हे आपणच ठरवून चालत नाही. आधी त्यांना विचारावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

कचऱ्याच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. त्या भागात घाणीचे ढीग साचत आणि रोग पसरत. हे दुःख साऱ्यांचेच होते. तक्रारी करून उपयोग होईना, तेव्हा १८९५ साली ॲडम्सबाईंनी कचरा-निरीक्षकाची सरकारी नेमणूक स्वीकारली. त्या पहाटे सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जात. एका अरुंद रस्त्यावरचा कचरा काढता काढता खाली चक्क फरसबंदी सापडली.  याच ॲडम्सबाईंना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपण मुंबईला येऊ. १९२५ साली क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ मुंबईत आले. मराठी भाषकांच्या प्रदेशात काम करणाऱ्या 'अमेरिकन मराठी मिशन'ने त्यांना पाठवले होते. तेव्हाची मुंबई गिरण्यांची होती. चाळीतल्या एकेका खोलीत अख्खे कुटुंब राही. नागपाडा-भायखळा भागात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, यहुदी असे सर्व धर्मांचे लोक जवळजवळ राहत. पण ते सहज एकत्र बसतील अशी जागा कोठे होती? मॅनशार्ट यांनी १९२७ साली 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केले. तेथे येणाऱ्याला धर्म, जात किंवा भाषा विचारली जात नसे. तेथे वाचन, व्याख्याने, वर्ग आणि खेळ यांची सोय झाली.

त्या काळात मुंबईत हिंदू-मुसलमानांच्या दंगली होत. १९२९ आणि १९३२ साली मोठ्या दंगली झाल्या. अशा दिवसांत सर्वांसाठी दार उघडे ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. एका बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागतात. ज्याला आपण नावाने ओळखतो, त्याच्याविषयीच्या अफवेवर आपण लगेच विश्वास ठेवत नाही. शेजारघराचे खरे काम हेच आहे. वर्ग आणि खेळ ही त्याची साधने आहेत.

काम करताना मॅनशार्ट यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. सेवेला केवळ दयाळू मन पुरत नाही. त्यासाठी शिक्षणही लागते. रोग्यावर उपचार करण्यापूर्वी डॉक्टर शिकतो. मग समाजाच्या दुखण्यावर उपाय करणाऱ्याने का शिकू नये? सर दोराबजी टाटा ट्रस्टला हा विचार पटला. १९३६ साली समाजकार्य शिकवणारी भारतातील पहिली संस्था नागपाड्याच्या याच घरात सुरू झाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक होते. १९४४ साली तिला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हे नाव मिळाले. १९५४ साली ती देवनारला गेली. आज ती देशातील नामवंत विद्यापीठांपैकी एक आहे. पण तिचा जन्म एका मोहल्ल्यात झाला, हे विसरू नका.

आता तुम्ही विचाराल, अशा संस्थेचा खर्च कोण करतो? ही दुकाने नव्हेत. येथे नफा वाटून घेतला जात नाही. देणग्या, वर्गणी आणि कधी सरकारी अनुदान यांवर काम चालते. विश्वस्त कारभार पाहतात. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि हिशेबही द्यावा लागतो. पैसा लोकांचा असतो. म्हणून पै-पैचा हिशेब चोख हवा.

पैशाची बाजू कमकुवत झाली, तर मोठे नावही कामाला येत नाही. हल हाउस चालवणारी संस्था मुख्यतः सरकारी पैशावर अवलंबून राहिली होती. पैसा अपुरा पडला आणि जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे १२२ वर्षांनंतर, ती बंद झाली. मूळ घरात आज संग्रहालय आहे. लोक तेथे येतात, तसबिरी पाहतात आणि निघून जातात.

घर विटांनी उभे राहते. शेजारघर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे उभे राहते. तुमच्या वस्तीतही एखादे वाचनालय, मंडळ, दवाखाना किंवा अभ्यासिका असेल. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी काढली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. नसेल, तर आपल्या गल्लीला सर्वांत जास्त कशाची गरज आहे, हे दहा घरी जाऊन विचारा. तुमच्या मनातले उत्तर आणि लोकांचे उत्तर कदाचित वेगळे निघेल. तसे झाले, तर लोकांचे उत्तर वहीत आधी लिहा.

स्वाध्याय

१. 'हमसाया' या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. हल हाउसच्या स्वयंपाकघराला यश का मिळाले नाही?
३. सेवेसाठी शिक्षण लागते, असे मॅनशार्ट यांना का वाटले?
४. इमारत, दवाखाना, हिशेब, मोहल्ला हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.