लिनक्सवर आवाज नेमका कुठे अडतो?

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. धडधाकट असलेले कित्येक लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात टाकण्यापेक्षा त्यांवर उबुंटू, मिंट किंवा फेडोरा टाकून बघावं, असा विचार बऱ्याच घरांत होतो, आणि तो अगदी योग्य आहे. बहुतेक वेळा सगळं बिनबोभाट पार पडतं. वायफाय लागतं, टचपॅड चालतो, बॅटरीही ठीक टिकते. मग कुणीतरी गाणं लावतं. गाण्याची पट्टी पुढे सरकत असते, आवाज शंभर टक्क्यांवर असतो, आणि लॅपटॉप मात्र मिठाची गुळणी धरून बसलेला असतो.

'स्पीकर गेला' असं म्हणून लगेच दुरुस्तीचं दुकान गाठू नका. अशा प्रसंगी स्पीकर क्वचितच बिघडलेला असतो. यंत्र शाबूत असतं, पण त्याच्याबद्दलची एखादी माहिती कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचलेली नसते. ती कुठे अडली हे टप्प्याटप्प्याने शोधता येतं.

गाणं म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने नुसते आकडे असतात. साधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुने, आणि तेही डाव्या-उजव्या बाजूंचे वेगळे. प्लेअर हे आकडे ध्वनी-सर्व्हरला देतो, सर्व्हर ते कर्नलमधल्या 'अल्सा' या यंत्रणेकडे सोपवतो, अल्साचा ड्रायव्हर ते कोडेक नावाच्या चिपपर्यंत पोचवतो. कोडेक आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करतो, अँप्लिफायर ती लहर मोठी करतो आणि शेवटी स्पीकरची कॉइल हलते.

एवढे टप्पे का, याला इतिहास आहे. लिनक्सचे सुरुवातीचे ध्वनी-ड्रायव्हर फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी लिहिले. त्या काळात बहुतेक साउंड कार्डं एका वेळी एकाच प्रोग्रॅमला वापरता येत. १९९८ साली यारोस्लाव किसेला यांनी अल्साचं काम सुरू केलं आणि २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून तीच मुख्य यंत्रणा झाली. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी लेनार्ट पोएटरिंग यांचा पल्सऑडिओ हा ध्वनी-सर्व्हर आला, आणि त्याची जागा आता विम टायमन्स यांच्या पाइपवायरने घेतली आहे. फेडोराने २०२१मध्ये ३४व्या आवृत्तीपासून पाइपवायर स्वीकारला. यातल्या प्रत्येक थराने एक खरी अडचण सोडवली, आणि प्रत्येकाने आवाज अडण्याची एक नवी जागाही तयार केली.

पहिली खूण सेटिंग्जमध्येच सापडते. ध्वनीच्या पानावर स्पीकरऐवजी 'डमी आउटपुट' असं दिसलं, तर सर्व्हरला एकही साउंड कार्ड मिळालेलं नाही. प्रोग्रॅम अडकून पडू नयेत म्हणून त्याने एक खोटं कार्ड उभं केलेलं असतं, आणि गाणं त्यात वाजून विरून जातं. स्पीकरचं नाव नीट दिसत असेल, तर दोष त्याच्या पलीकडे आहे. या एका निरीक्षणावर पुढची दिशा ठरते.

नाव दिसतंय पण आवाज नाही, अशा वेळी आधी सोप्या गोष्टी बघाव्यात. आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे न जोडलेल्या टीव्हीकडे जात असतो, हे फार वेळा घडतं. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवलं की आवाजाचे उभे खांब दिसतात. खांबाखाली 'एमएम' असेल तर तो मार्ग बंद आहे. 'एम' कळ दाबली की तिथे '००' येतं आणि मार्ग खुला होतो. सेटिंग्जमधली पट्टी पूर्ण वर असूनही इथे एखादा खांब मुका राहिलेला असू शकतो. 'ऑटो-म्यूट'ही तपासावं. हेडफोन लावलेला नसताना तो लावलेला आहे असा जॅकचा समज झाला, की स्पीकर आपोआप गप्प होतो.

डमी आउटपुट दिसत असेल तर कर्नलच्या नोंदी वाचाव्या लागतात. गेल्या काही वर्षांतल्या इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिजिटल मायक्रोफोन थेट प्रोसेसरसोबतच्या ध्वनी-प्रक्रियकाला जोडलेले असतात. तो प्रक्रियक चालायला 'साउंड ओपन फर्मवेअर' लागतं. फर्मवेअरची फाइल डिस्कवर नसेल, तर केवळ मायक्रोफोन नव्हे, अख्खं कार्डच गायब होतं. तेवढं एक पॅकेज टाकून मशीन पुन्हा सुरू केलं की काम होतं. अशी फर्मवेअर डेबियन हे लिनक्स पूर्वी आपल्या अधिकृत इन्स्टॉलरपासून वेगळी ठेवत असे. २०२३मधल्या १२व्या आवृत्तीपासून ती सोबतच येतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला थोडी मुरड घालणारा तो निर्णय मला पटतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मुका लॅपटॉप देऊन मुक्त सॉफ्टवेअरचं भलं होत नाही.

सगळ्यात रंजक दोष कोडेकमध्ये असतो. इंटेलने २००४मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ' हे मानक आणलं. त्यात कोडेकच्या प्रत्येक पिनला ३२ बिटांची एक ओळख दिलेली असते. लॅपटॉप बनवणारी कंपनी ती बायोसमधून भरते, आणि पिनला काय जोडलंय हे कर्नलला तिच्यावरूनच कळतं. सोळांच्या अंकपद्धतीत ही ओळख आठ अंकी असते. उदाहरणार्थ ९०१७०११०. सुरुवातीचा ९० सांगतो की इथे जॅक नाही, यंत्राच्या पोटातच कायमचं बसवलेलं उपकरण आहे. पुढचा १ म्हणजे स्पीकर. याउलट ४१११११एफ० ही ओळख असेल, तर या पिनला काहीच जोडलेलं नाही असा अर्थ होतो.

आता कंपनीने तोच कोडेक पाच मॉडेलांत वापरला, स्पीकरच्या तारा एका मॉडेलात दुसऱ्या पिनवर नेल्या आणि बायोसमधली ओळख तशीच ठेवली, तर काय होईल? स्पीकर ज्या पिनवर आहे, तिथे 'काही जोडलेलं नाही' असं लिहिलेलं असेल. कर्नल लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो आणि त्या पिनकडे आवाज पाठवतच नाही. भिंतीतल्या वायरिंगचा चुकीचा नकाशा हातात दिलेल्या वायरमनसारखी त्याची गत होते. विंडोजवर हे जाणवत नाही, कारण कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरला खरी जोडणी ठाऊक असते.

'एचडीए जॅक रीटास्क' नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये या ओळखी बदलून बघता येतात. रिकामी म्हणून नोंदलेली पिन निवडायची, तिला 'इंटर्नल स्पीकर' ठरवायचं आणि गाणं लावायचं. चालली तर नोंदवायची, नाही तर पुढची पिन. घाई न करता एकेक पिन तपासली, की कंपनीने कुठेही न छापलेली जोडणी समोर येते.

नव्या पातळ लॅपटॉपमध्ये हीच कहाणी अँप्लिफायरबाबत घडते. सिरस लॉजिकच्या सीएस३५एल४१सारख्या चिपांना सुरू होण्याआधी भोवतीच्या सर्किटची माहिती हवी असते: इंडक्टर किती नॅनोहेन्रीचा, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा, करंट जास्तीत जास्त किती. ही मूल्यं बायोसने सांगायची असतात. अनेक मॉडेलांत ती नव्हतीच, म्हणून कर्नलमध्ये त्यांची वेगळी यादी करावी लागली. या दोषात पुष्कळदा एक खूण दिसते. विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं तर आवाज येतो, मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं तर येत नाही. पहिल्या वेळी अँप्लिफायर विंडोजने आधीच जागा करून ठेवलेला असतो.

माहिती नसताना अंदाजाने वीज सोडणं धोक्याचंही असतं. ॲपलच्या मॅकबुकवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाने स्पीकर २०२३च्या अखेरीपर्यंत मुद्दाम बंदच ठेवले होते. त्या यंत्रांतला अँप्लिफायर स्पीकर जाळू शकेल इतका जोरदार आहे. तिथल्या मंडळींनी आधी विजेचा दाब आणि करंट मोजून कॉइल किती तापली याचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. तो चालू नसेल तर कर्नल आवाज मोठा होऊच देत नाही.

आपल्या लॅपटॉपची पिन सापडली की काम अर्धंच झालेलं असतं. कर्नलमध्ये अशा अपवादांची, म्हणजे 'क्वर्क'ची, शेकडो ओळींची यादी आहे. सूझे कंपनीतले ताकाशी इवाई वर्षानुवर्षं लिनक्सच्या ध्वनिविभागाची देखभाल करत आले आहेत, आणि जगभरच्या वापरकर्त्यांनी शोधलेल्या जोडण्या या यादीत येत राहिल्या आहेत. त्यातली प्रत्येक ओळ मॉडेलच्या ओळख-क्रमांकावर चालते. ती स्वीकारली गेली की नव्या कर्नलसोबत त्याच मॉडेलच्या सगळ्या लॅपटॉपांना आवाज मिळतो. मालकांना टर्मिनल उघडावंही लागत नाही.

त्यासाठी 'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट चालवून निघालेली फाइल अहवालासोबत जोडावी. तिच्यात कोडेकचं नाव, पिनांच्या ओळखी आणि कर्नलची आवृत्ती सारं एकत्र असतं. कोणती पिन बदलल्यावर स्पीकर बोलला आणि मशीन पूर्ण बंद करून सुरू केल्यावर काय झालं, तेही लिहावं. आणि 'हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकरमध्ये नाही' ही गोष्ट अहवालाच्या पहिल्याच ओळीत सांगावी, कारण एवढ्यावरून फर्मवेअरपासून कोडेकपर्यंतचा सगळा मार्ग संशयातून सुटतो आणि वाचणारा थेट स्पीकरच्या पिनकडे आणि अँप्लिफायरकडे वळतो.