जागा, वेळ आणि गुन्हा

एखाद्या वस्तीत चोऱ्यामाऱ्या वाढल्या की बोट तिथल्या माणसांकडे जातं. आधी जमिनीकडे पाहावं: कोणती जागा कशासाठी वापरली जाते आणि किती वाजता ओस पडते.

नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा घ्या. सुरत–भुसावळ मार्गावरचं स्टेशन आणि जुना मिशनचा दवाखाना ही इथे बाहेरगावच्या माणसांना आणणारी ठिकाणं. दवाखान्यात रात्रीही कुणी ना कुणी जागं असतं, त्यामुळे समोरचा रस्ता नजरेखाली राहतो. लहान स्टेशनाबाहेरचा रस्ता मात्र गाडी आली की गजबजतो, गेली की सामसूम. मागे राहिलेला उतारू सामान घेऊन एकटाच चालत असतो.

अमेरिकेत लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये हे नेमकं मांडलं. गुन्हा करू पाहणारा, त्याचं लक्ष्य आणि राखण नसणं, ही तिन्ही एका जागी, एका वेळी जुळली की गुन्हा घडतो. राखण पोलिसांचीच हवी असं नाही. टपरीवाला, ओट्यावर बसलेली आजीही पुरते. म्हणून घरं आणि दुकानं शेजारी असलेला रस्ता सहसा बरा. पण प्रत्येक दुकान राखण करत नाही. दारूचा गुत्ता गर्दी आणतो आणि भांडणंही. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, नवापूर स्टेशन तर महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन्ही राज्यांत पसरलेलं. अशा सीमेअलीकडच्या दुकानाचं गिऱ्हाईक फक्त गावातलं नसतं.

ओसाड जागेचं सगळ्यांत भयंकर उदाहरण मुंबईतलं. महालक्ष्मीजवळची शक्ती मिल बंद पडून वर्षानुवर्षं तशीच होती. भोवती अफाट वर्दळ, भिंतीआड कुणाचीच नजर नाही. २०१३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सामूहिक बलात्काराच्या दोन घटना घडल्या. दोष गुन्हेगारांचाच, पण शहराच्या मध्यावर अशी जागा पडू देणं हाही कुणाचा तरी निर्णय होता, हे विसरता कामा नये.

जागा बदलली तर काय होतं, हे फिलाडेल्फियात तपासलं गेलं. ५४१ पडीक प्लॉटांपैकी काहींवरचा कचरा काढून गवत आणि झाडं लावली, काही तसेच ठेवले. कोणता प्लॉट कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या काढाव्यात तसं ठरवलं होतं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: गरीब वस्त्यांत बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. प्लॉटांना लाकडी कुंपणही घातलं होतं. ते बुटकं होतं आणि त्यात वाट ठेवली होती, म्हणजे रस्त्यावरून आतलं दिसे आणि शेजाऱ्यांना आत जाऊन बसता येई.