पोलादात उभे राहिलेले कष्टकरी घोडे

स्कॉटलंडमधील फॉल्कर्क शहराजवळ फोर्थ-क्लाइड कालव्याच्या दोन्ही काठांवर घोड्यांची दोन भव्य मस्तके उभी आहेत. प्रत्येकाची उंची ३० मीटर, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीइतकी, आणि वजन सुमारे ३०० टन. एका घोड्याने मान आकाशाकडे उंचावली आहे, तर दुसऱ्याने ती खाली झुकवली आहे. ‘केल्पीज’ हे शिल्प अँडी स्कॉट या स्कॉटिश शिल्पकाराने घडवले. निसर्गातील आकार आणि त्या परिसराचा औद्योगिक वारसा धातूत एकत्र आणणाऱ्या सार्वजनिक शिल्पांत त्याची गणना अग्रक्रमाने होते.

केल्पी हे स्कॉटिश लोककथांतील रूप पालटणारे जलभूत आहे. नदी-सरोवरांच्या काठी ते घोड्याच्या रूपात दिसते, त्याच्या अंगात दहा घोड्यांचे बळ असते आणि पाठीवर बसणाऱ्याला ते पाण्यात ओढून नेते, अशी समजूत आहे. शिल्पाला नाव या दंतकथेने दिले. त्याचे रूप मात्र खऱ्याखुऱ्या, राबणाऱ्या घोड्यांचे आहे.

या भागाचा इतिहासच घोड्यांच्या बळावर उभा आहे. फॉल्कर्कजवळ १७५९ मध्ये कॅरन कंपनीचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला. तेथे ओतलेल्या तोफा ‘कॅरोनेड’ या नावाने जगभर गेल्या. जेम्स वॉटच्या सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनाचे काही भागही तेथेच ओतले गेले. पुढे स्कॉटलंडचे पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारा ५६ किलोमीटर लांबीचा फोर्थ-क्लाइड कालवा १७९० मध्ये पूर्ण झाला. कालव्यातील मालवाहू नावा काठावरून चालणारे घोडे दोराने ओढत. संथ पाण्यावर तरंगणाऱ्या नावेला घर्षण फार कमी असते. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत घालता येईल त्याच्या कितीतरी पट माल एकच घोडा ओढून नेई. शेतातले नांगर आणि कारखान्यांच्या गाड्याही क्लाइड नदीच्या खोऱ्यातील ‘क्लाइड्सडेल’ जातीचे दणकट घोडेच ओढत.

काळ बदलला तसे हे काम आधी वाफेच्या आणि पुढे तेलाच्या इंजिनांकडे गेले. रेल्वे आणि रस्त्यांपुढे कालवा मागे पडला आणि १९६३ मध्ये तो वाहतुकीस बंद झाला. कॅरनचा कारखानाही १९८० च्या दशकात बुडाला. कालव्याची दुरुस्ती होऊन २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. त्यानंतर फॉल्कर्क आणि ग्रेंजमाउथ यांच्यामधल्या जमिनीवर ‘हेलिक्स’ नावाचे विस्तीर्ण उद्यान आखले गेले. समुद्राकडच्या बाजूला कालव्याला नवे प्रवेशद्वार मिळाले आणि त्या प्रवेशद्वारावर केल्पीज उभे राहिले. आज नावा या दोन मस्तकांच्या मधून कालव्यात येतात.

स्कॉट यांनी ड्यूक आणि बॅरन या ग्लासगोतील दोन क्लाइड्सडेल घोड्यांना समोर ठेवून प्रत्यक्ष शिल्पाच्या एक-दशांश आकाराच्या प्रतिकृती स्वतः घडवल्या. लेझरच्या साहाय्याने त्यांची मोजमापे संगणकात उतरवली गेली आणि त्यावरून अभियंत्यांनी आतला सांगाडा आखला. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या कारखान्यात तयार झालेले सुटे भाग ट्रकने आणून जून ते ऑक्टोबर २०१३ या काळात जागेवर जोडण्यात आले. एप्रिल २०१४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

जवळ गेल्यावर हे काम कसे साधले ते उमगते. घोड्याचे कातडे एकसंध नाही. स्टेनलेस स्टीलचे शेकडो पत्रे पोलादी सांगाड्यावर बसवलेले असून दोन पत्र्यांमध्ये जागोजागी फटी आहेत. गालाचे हाड, नाकपुडी, मानेचा ताणलेला स्नायू हे सारे पत्र्यांच्या वळणांतून आणि त्या फटींच्या रेषांतून साकारते. दिवसा ढगांची सावली पत्र्यांवर सरकते. रात्री आतले दिवे लागले की फटींतून प्रकाश पाझरतो. आत शिरल्यावर नळ्यांचा आणि तुळयांचा गुंता दिसतो आणि जहाजबांधणीच्या गोदीत उभे असल्यासारखे वाटते.

धातूची निवडही महत्त्वाची असते. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. म्हणून केल्पीजची चकाकी टिकते. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे अँटनी गॉर्मली यांनी १९९८ मध्ये उभारलेल्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ या शिल्पासाठी याच्या उलट मार्ग निवडला गेला. २० मीटर उंच आणि ५४ मीटर रुंद पंखांची ही मानवाकृती जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर उभी आहे. तिच्या पोलादात थोडे तांबे आहे. त्यामुळे वर चढणारा गंज सुटून न पडता घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. तांबूस-तपकिरी रंग आणि अंगावरच्या उभ्या फासळ्या त्या प्रदेशातील खाणी व जहाजबांधणीशी नाते सांगतात.

सार्वजनिक जागांतील पुतळे बहुधा राजे, सेनापती आणि पुढारी यांचे असतात. केल्पीजने तो मान दोर ओढणाऱ्या मुक्या जनावराला दिला. ज्या लोखंडाने आणि ज्या घोड्यांनी हा भाग उभा केला, त्यांचीच आठवण धातूतून, मूळ जागी आणि पूर्ण भव्यतेने जपली गेली. उद्योग बंद पडल्यानंतरही तेथील माणसांना आपल्या पूर्वजांच्या कष्टांचा अभिमान वाटावा, हे अशा शिल्पांचे सर्वांत मोठे काम आहे.