पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी घड्याळ उलटं फिरलं

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलणं तेच, थोडं आवरून घेतलंय.)

वारणानगरहून बोलतोय. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून आमच्या भागातल्या गावांत कॉम्प्युटर आले, तेव्हा मी पाळण्यात होतो. आता उसापासून दुधापर्यंत सगळी नोंद मशीनवर. आणि अशाच नोंदीत मी एकदा घोळ घातला.

बीटेक झाल्यावर एका छोट्या दूध संकलन केंद्रासाठी डेटा लॉगर बनवला. टाकीत सेन्सर, एक आर्डुइनो ऊनो, एक मेमरी कार्ड. संध्याकाळी सातला सुरू केला. सकाळी तक्रार आली, दूध गरम निघालं. नोंद बघितली तर पहाटे ४:०६ नंतर काहीच नाही. सगळ्यांचा संशय रात्रपाळीच्या काकांवर, की त्यांनी मशीन बंद केलं आणि झोपले. काका एकच सांगत होते, “पोरा, मशीन चालूच होतं रे.”

खरं तेच होतं. मी सेकंद मोजायला ‘इंट’ घेतला होता. ऊनोवर इंट १६ बिटांचा, म्हणजे -३२,७६८ ते ३२,७६७. आणि ३२,७६७ सेकंद म्हणजे नऊ तास, सहा मिनिटं, सात सेकंद! सातात मिळवा, ४:०६ येतात. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे झाला, आणि माझ्या रिपोर्टच्या प्रोग्रॅमने उणे वेळेच्या ओळी चुकीच्या म्हणून गाळल्या. कार्डावर मूळ नोंदी होत्याच. तापमान सकाळपर्यंत चार अंशांच्या आसपास. काका सुटले, मी मान खाली घातली.

घरी चाचणीत का नाही सापडलं? कारण घरी बोर्ड होता ईएसपी३२. तिथं इंट ३२ बिटांचा असतो. नाव तेच, माप वेगळं. म्हणून आता मी ‘इंट१६_टी’, ‘यूइंट३२_टी’ असं माप नावातच लिहितो.

मग सगळंच मोठं घ्यायचं का? ऊनोची रॅम फक्त २,०४८ बाइट. पाचशे रीडिंग फ्लोटमध्ये ठेवली की २,००० बाइट तिथंच संपले. इंटमध्ये निम्मे लागतात.

तापमानाला पॉइंट असतो, मग फ्लोट लागणारच ना? नाही. डीएस१८बी२० हा सेन्सर मुळात पूर्णांकच पाठवतो, एका अंशाचे सोळा भाग करून. चार अंश म्हणजे ६४. तो आकडा तसाच साठवा, सोळानं भागायचं काम रिपोर्टमध्ये करा.

फ्लोटचा दुसरा धोका बेरजेत. दूध मिलिलिटरमध्ये मोजत गेलात, तर १,६७,७७,२१६ नंतर एक मिळवला तरी आकडा हलत नाही. म्हणजे साधारण १६,७७७ लिटरनंतर मीटर ठप्प! ऊनोवर ‘डबल’ लिहून उपयोग नाही, तिथं तोही फ्लोटच. बेरजेला यूइंट३२_टी घ्या, ४२ लाख लिटरच्या पुढं जाईल.

आणि ‘मिलिस’ सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. म्हणून ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ अशीच तुलना करा, दोन्ही अनसाइन्ड ठेवून. उत्तर बरोबर येतं.

थोडक्यात, टाइप निवडण्याआधी दोन प्रश्न विचारा. आकडा जास्तीत जास्त किती होईल? उणे होईल का? शेताच्या बांधावर कागदावर लिहून काढा, पण काढा. कारण चूक आपल्या कोडची असते आणि बोलणी रात्रपाळीच्या माणसाला बसतात.

चला, भेटू पुढच्या भागात!