पोट लहान झाले, गरज नाही

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून माणूस पुण्या-मुंबईहून आपल्या गावी परततो. घरात लगबग सुरू होते. 'पोटाचे ऑपरेशन झाले आहे, जड काही देऊ नका,' असे येणारा-जाणारा सांगतो. मग तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, वरणावरचे पाणी आणि शहाळे यांवर दिवस निघू लागतात. या आहारात माया पुष्कळ असते. प्रथिने मात्र नावालाच असतात. दीड-दोन महिन्यांत वजन भराभर उतरते आणि घरची मंडळी समाधान मानतात. रुग्ण मात्र म्हणतो, "जिना चढवत नाही. खाली बसलो तर हात टेकल्याशिवाय उठवत नाही."

हे असे का होते, ते समजून घेऊ.

शस्त्रक्रियेत काय करतात?

ही शस्त्रक्रिया काही कालपरवाची नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकातच जठराचा 'बायपास' केला होता. आज प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराची जेमतेम ३० मि.ली. मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. म्हणजे पूर्वी जिथे ताटभर जेवण मावत होते, तिथे सुरुवातीला चार-सहा चमचेच मावतात.

अन्न कमी पडले की शरीर साठवलेली चरबी वापरते. तेच तर आपल्याला हवे असते. पण प्रथिनांचा असा वेगळा साठा शरीरात नसतो. ती स्नायूंत, त्वचेत, रक्तात कामाला लागलेली असतात. आहारातून ती मिळाली नाहीत, तर शरीर स्नायू मोडून आपली गरज भागवते. काट्यावर दिसणारी घट मग केवळ चरबीची राहत नाही, तिच्यात ताकदीचीही घट असते. शिवाय जखम भरून येण्यास प्रथिने लागतात ती वेगळीच.

किती प्रथिने हवीत?

निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितले आहे. या शस्त्रक्रियेनंतर मात्र साधारणपणे दिवसाला किमान ६० ग्रॅम आणि अनेकांना त्याहून थोडी जास्त प्रथिने घेण्याचा सल्ला दिला जातो. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर त्यांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

पहिले काही दिवस फक्त पातळ पदार्थ द्यावे लागतात. त्यानंतर दूध, ताक, गाळलेले सूप, मग मऊ वाटलेले अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, अशा पायऱ्या असतात. रुग्णालयाने दिलेला तक्ता मोडू नये. मात्र पातळ आहार म्हणजे नुसते पाणी नव्हे. साय काढलेल्या दुधात दोन चमचे दूधपावडर ढवळली, तर तेवढ्याच पेल्यात प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात.

स्वयंपाकघरातला हिशेब

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम आणि कपभर (१५० मि.ली.) गाईच्या दुधात ५ ग्रॅम प्रथिने असतात. ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम मिळतात. पण त्याच वरणावरचे पाणी तेवढे घेतले, तर बहुतेक प्रथिने पातेल्याच्या तळाशीच राहतात. कोरड्या सोयावडीत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. साबुदाण्यात ती जवळजवळ नसतातच.

नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर एक दिवस असा बसवता येईल: सकाळी कपभर दूध व त्यात १५ ग्रॅम दूधपावडर (१० ग्रॅम प्रथिने), नाश्त्याला एक उकडलेले अंडे व दुसऱ्याचा पांढरा भाग (१०), मधल्या वेळी ५० ग्रॅम पनीर (९), दुपारी घट्ट वरण व अर्धी वाटी दही (९), चार वाजता २० ग्रॅम सोयावडीची मऊ शिजवलेली भाजी (१०), रात्री मुगाचे धिरडे व थोडे पनीर (११), झोपण्यापूर्वी कपभर दूध (५). बेरीज होते ६४ ग्रॅम. अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी पनीर घ्यावे. मासे-कोंबडी खाणाऱ्यांचे काम सोपे आहे. १०० ग्रॅम मासळीतून १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. फक्त ती मऊ शिजवून काटे नीट काढलेली असावी.

सुरुवातीच्या महिन्यांत एवढे खाणे जमत नाही. तेव्हा प्रथिनांची पावडर उपयोगी पडते. ती घेताना जाहिरातीपेक्षा डब्यावरचा तक्ता वाचावा: १०० ग्रॅममध्ये प्रथिने किती आणि साखर किती? चॉकलेटच्या चवीची अनेक शक्तिवर्धक पेये प्रत्यक्षात साखरेचीच अधिक असतात. बायपास झालेल्यांनी फार गोड घेतले, तर घाम सुटणे, धडधडणे, जुलाब होणे असा त्रासही होतो.

ताटाची दिशा बदला

आपण जेवणाची सुरुवात पोळीने किंवा भाताने करतो. या रुग्णाने तसे केले, तर चार घासांतच पोट भरते आणि उसळ-पनीर ताटात राहते. म्हणून क्रम उलटा करावा. आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी आणि जागा उरलीच तर पोळी-भाताचे दोन घास. घास लहान घ्यावा, सावकाश चावावा, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये. ते अर्धा तास आगे-मागे, घोट-घोट करून दिवसभरात दीड लिटरपर्यंत घ्यावे.

उपवासाचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात तरी कडक उपवास टाळावेत. एखादी चतुर्थी-एकादशी सोडवत नसेल, तर साबुदाण्याऐवजी दूध, दही, पनीर, राजगिरा यांवर भर द्यावा. मात्र डॉक्टरांना आधी विचारावे. घरातल्या बाईचीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणे ही सवय तिला आता परवडणारी नाही. तिची वाटी आधी काढून ठेवावी.

कधी सावध व्हावे?

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. शरीराला बसलेल्या ताणामुळे ते अनेकांचे गळतात व पुढे पुन्हा येतात. गळणे लांबले, तर प्रथिने, लोह, जस्त यांची कमतरता तपासून घ्यावी. पायांवर सूज, वाढता अशक्तपणा, न भरणारी जखम यांकडे दुर्लक्ष करू नये. वारंवार उलट्या होत असतील, तर वाट पाहू नये. अशा वेळी जीवनसत्त्व ब-१ कमी पडून दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात; लगेच रुग्णालय गाठावे. ब-१२, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड यांची औषधे मनाने बंद करू नयेत आणि 'बरे वाटते' म्हणून तपासण्या चुकवू नयेत.

आहाराबरोबर रोज चालणे व डॉक्टरांच्या परवानगीने हलका व्यायाम हवाच, कारण वापरात असलेले स्नायू अधिक टिकतात. वजनाची नोंद आपण ठेवतोच. तिच्या शेजारी एका वहीत दिवसाच्या प्रथिनांची बेरीजही लिहावी. पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी; डॉक्टरांना काट्याच्या आकड्याइतकाच तिचाही उपयोग होईल.